आधी खालचं बघणारा मिस्त्री

ये गं बाय, फोनवरच का होईना पण अशी जवळ सरक. समोर असतीस तर आधी कानच धरला असता तुझा. पालघरला जुनं घर घेतलंस, चांगलं केलंस. विहिरीचं पाणी गोड आहे का तेही विचारून घेतलंस. आणि पुढच्या खोलीत लाकडी जमीन करायचं ठरवलंस, तेव्हा मावशी आठवली नाही? वर म्हणतेस कशी, “अगं मावशी, तो माणूस म्हणाला, आहे त्याच लाद्यांवर दोन दिवसांत टाकून देतो.” दोन दिवसांत! दोन दिवसांत लिंबाचं लोणचं मुरत नाही. बरं, लाद्यांखाली काय आहे ते त्याने बघितलं का, असं विचारलं, तर तू हसलीस. “खाली काय असणार मावशी, जमीनच असणार.”

ह्या हसण्यावर आमचा मिस्त्री काय बोलला असता ते मला माहीत आहे. काहीच बोलला नसता. पिशवी उचलून चालू लागला असता. दोन वर्षांखाली गेला तो. असता तर आज सकाळच्या पहिल्या गाडीने मी त्याला तुझ्याकडे धाडला असता. आता तो नाही, तर मीच सांगते त्याच्याबद्दल. मधेमधे “हो का, हो का” करू नकोस, ऐक.

राहायचा सालवडला. तीस वर्षं तारापूरच्या कारखान्यांत काढलेली. तिथे त्याचं काम काय, तर मोठाली मशीनं जिथे बसवायची तिथली जमीन तयार करायची. मशीन तसूभर कललं तरी हादरतं, म्हणे, आणि हादरत हादरत एक दिवस बोल्ट तोडतं. ते काम सुटल्यावर लोकांच्या घरांत लाकडी जमिनी करून देऊ लागला. कोणी म्हणालं, कुठे ती मशीनं आणि कुठे ह्या फळ्या, तर म्हणायचा, “मशीन हाललं तर मानूस मरतो, फळी हालली तर मालकीन वरडते. मला दोनी सारखंच.”

दिसायला उंच, वाळका, मान पुढे काढून चालणारा, खाडीतल्या बगळ्यासारखा. पाय मात्र अंगाच्या मानाने भलतेच मोठे, आणि त्या पायांची काळजी अशी की नव्या नवरीने करू नये. अंघोळीनंतर तळव्यांना खोबरेल चोळायचा. एक भेग दिसू द्यायचा नाही. मी एकदा चेष्टेने म्हटलं, “मिस्त्री, पाय एवढे जपता, नाचायला जाता काय?” तर अगदी गंभीरपणे म्हणाला, “हत्यार हाय ते, वयनी. भेग पडली तर खालचं कळनार कसं?”

आणि खरंच कळायचं त्याला. पहिल्यांदा आमच्या शिरगावच्या घरी आला तो दिवस सांगते. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेले. ह्याने फाटकाबाहेर चपला काढल्या. मी “या” म्हटलं, तर ओ नाही. सरळ आत शिरला. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागली खोली, पाय घासत घासत हळूहळू चालतोय, डोळे अर्धे मिटलेले. अशा तीन फेऱ्या. मला वाटलं, हा सकाळीसकाळीच घेऊन आलाय. मी तुझ्या काकांना खूण केली, तर काका म्हणाले, “बघू तर दे, काय करतो ते.”

तिसरी फेरी झाल्यावर म्हणाला, “वयनी, भांडंभर पानी द्या.” दिलं. त्याने ते मागल्या खोलीत जमिनीवर ठेवलं, काठोकाठ भरलं, आणि समोर उकिडवा बसून बघत राहिला. पाणी भिंतीकडच्या बाजूने सांडलं.

“भिंतीकडं उतार हाय.”

“अहो, मला वाटलं प्यायला मागताय.”

“नाय. मला तान नाय लागली.”

झालं. हीच ओळख. त्यानंतर खिशातला खडू काढून त्याने लादीवर तीन ठिकाणी फुल्या मारल्या. म्हणाला, इथे पोकळ, इथे पोकळ, आणि इथे काहीतरी वाईट हाय, ते अजून समजलं नाय. मग पिशवीतनं एक काठी काढली. काठीच्या टोकाला नारळाची करवंटी बांधलेली. तिने ठोकून दाखवलं. जिथे जिथे पायाने पोकळ म्हणाला होता, तिथे तिथे करवंटीचा आवाज बदलला. काका माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यावरून मी ओळखलं की काम ह्यालाच मिळणार.

आता ते काम कसलं होतं, तेही सांगते. म्हणजे आम्ही सगळे त्या एका खोलीपायी एवढे का अडून बसलो होतो ते समजेल तुला.

आमचं लग्न झालं त्या वर्षी काकांनी माकुणसारच्या वरकस, भात न पिकणाऱ्या जमिनीत सागाची बारा रोपं लावली होती. सहा जगली. खांद्यावरून घागरी नेऊन पाणी घातलंय त्यांनी, पहिले तीन उन्हाळे. ती जमीन नव्या रेल्वेलाइनीत गेली. झाडं पाडली त्या दिवशी काका तिकडे फिरकले नाहीत, दिवसभर केळीच्या बागेत पालापाचोळा गोळा करत होते. पण लाकूड सोडलं नाही. परवानग्या काढल्या, वखारीत फळ्या चिरून घेतल्या, आणि टेम्पोत घालून घरी आणल्या. कोणी म्हणालं कपाटं करा, कोणी म्हणालं दारं करा. काका म्हणाले, “मला त्याच्यावर चालायचंय.” एवढंच. तुला काका माहीत आहेत, दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

फळ्या बरोबर एका खोलीच्या भरल्या. मागल्या खोलीच्या, जिथे त्यांचा पलंग आहे. वर एकही शिल्लक नाही. म्हणजे एक फळी वाया गेली तर तिच्या जोडीची आणायची कुठून? ती झाडंच उरली नाहीत.

आणि त्याच वर्षी पावसाळ्यात काकांच्या छातीत दुखलं, बोईसरला आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. बरे होऊन आले, पण माझ्या मनात बसली धाकधूक. मार्गशीर्षात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. भटजींनी दिवस काढून दिला होता, पाहुण्यांना कळवून झालं होतं. तू नाही आलीस, परीक्षा होती म्हणे, ते मी विसरलेले नाही. तर माझ्या मनात असं, की त्या दिवशी ह्यांनी स्वतःच्या सागावर बसावं. सगळ्यांनी बघावं. पुढचं कोणी पाहिलंय.

मिस्त्रीला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “दिवस भटजीनी काढला ना? मंग जमीन पन त्यांनाच करायला सांगा.”

असा होता. फटकळ. पण एक होतं, त्याचं तिरसट बोलणं कधी कामाबाहेर जायचं नाही. फोनवर कामाचं बोलायचा नाही, “फोनवर जमीन दिसत नाय” म्हणून ठेवून द्यायचा. बोईसरच्या एका बंगल्यातल्या बाईंनी त्याला विचारलं होतं, शनिवारपर्यंत होईल का. ह्याने विचारलं, “कुठल्या महिन्यातल्या?” त्यांनी दुसरा माणूस बघितला. पावसाळ्यात त्या हॉलच्या फळ्या अशा वर आल्या, की मधोमध होडी उपडी टाकल्यासारखं. मग ह्यालाच बोलावलं. गेला. एका शब्दाने बोलला नाही की मी सांगत होतो. सगळ्या फळ्या उचकटून काढल्या, त्यातली सगळ्यांत वाकडी मागून घेतली आणि घरी घेऊन आला.

कशाला? तर भिंतीवर टांगायला! मी सालवडला त्याच्या घरी गेले होते तेव्हा पाहिलं. लोकांच्या घरात देवादिकांचे, लग्नाचे फोटो असतात. ह्याच्या भिंतीवर वाकड्या फळ्या. आठ-नऊ तरी असतील, खिळ्यांना लटकवलेल्या, आणि प्रत्येकीवर खडूने लिहिलेलं, दोन महिने, पाच महिने, एक पावसाळा. म्हणजे ती जमीन किती टिकली ते. सगळ्या दुसऱ्यांनी घाईत बसवलेल्या. त्याची बायको मला म्हणाली, “बगा ना वयनी, सासरचं कोन आलं तर मी काय सांगू, ही कोनाची तसबीर हाय म्हनून?” आणि त्याच्या स्वतःच्या घरात जमीन कसली, तर साधा सिमेंटचा कोबा. मी म्हटलं, “दुसऱ्यांना साग आणि तुम्हाला कोबा?” म्हणाला, “मला कुटं परवडतोय मिस्त्री.”

हसू नकोस, पुढे ऐक. आता माझी लबाडी सांगायची आहे.

कार्तिक लागला तसं काम सुरू झालं. मागल्या खोलीतल्या लाद्या काढल्या. खाली जुन्या चुन्याचा थर, त्याखाली मातीचा भराव. मला वाटलं आता ह्यावर सिमेंट ओततील आणि फळ्या ठोकतील. मिस्त्रीने काय केलं असेल? डब्यातनं तांदळाचे पापड काढले. बायकोने घरी लाटलेले. मला म्हणाला, “पाच भाजून द्या.” मी भाजले, वर थोडा कांदा चिरून देऊ का विचारलं. त्याने एकेक पापड खोलीच्या चार कोपऱ्यांत जमिनीवर ठेवला आणि वर माझी पातेली पालथी घातली, कडेने चिकटपट्टी लावली. पाचवा पापड टेबलावर, तोही पातेल्याखाली. म्हणाला, “उद्या बगू. आनि लादी पुसतात तसं काय करू नका हितं.”

दुसऱ्या दिवशी उघडलं. तीन कोपऱ्यांतले पापड जरासे सादळलेले, टेबलावरचाही तेवढाच सादळलेला. आपल्याकडची समुद्राची हवा, ते होणारच. पण मागच्या भिंतीच्या कोपऱ्यातला पापड? ओल्या रुमालासारखा! उचलला तर लोंबला.

“ही जमीन पानी पिते,” मिस्त्री म्हणाला. “हिच्यावर फळी नाय घालायची.”

“मग केव्हा?”

“पापड सांगंल तेव्हा.”

आठ दिवस गेले. परत पापड. परत तो कोपरा ओला. आणखी आठ दिवस. खिडक्या उघड्या, पंखा चालू, कोपरा ओलाच. इकडे पाहुण्यांचे फोन यायला लागले. आमच्या नणंदबाई तुला माहीत आहेत, त्यांनी फोनवर विचारलं, “वहिनी, तुझ्या त्या राजवाड्याचं काय झालं गं?” माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मग पुढच्या खेपेला मी काय केलं, मिस्त्री यायच्या आधी सकाळी उठले, कोपऱ्यातलं पातेलं उचललं, लोंबणारा पापड गाईला घातला, आणि नवा पापड कडकडीत भाजून तिथे ठेवला. चिकटपट्टीसुद्धा होती तशी लावली. ह्या वयात! देवापुढे दिवा लावताना म्हटलं, पुण्याचंच काम आहे.

मिस्त्री आला. टेबलावरचा पापड बघितला. तिन्ही कोपरे बघितले. मग चौथं पातेलं उचललं. पापड हातात घेतला, मोडला. कुडुम असा आवाज झाला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदराला हात पुसतेय. काका पलीकडे आरामखुर्चीत.

मिस्त्रीने अर्धा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. मग मला म्हणाला, “वयनी, टेबलावरचा सादळला.”

“हो ना, हवाच तशी आहे.”

“आनि जमिनीवरचा कडक.”

“मग चांगलंच की! सुकली जमीन.”

“म्हंजे जमीन टेबलापेक्षा कोरडी? मंग ही जमीन हाय का भट्टी हाय?” आणि उरलेला अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. “घ्या. अजून कोमट हाय.”

काका असे हसले, असे हसले, की मला भीती वाटली परत छातीत दुखेल म्हणून. मला मात्र रडू फुटलं. सगळं साठलेलं बाहेर आलं. मी त्या मिस्त्रीला नको ते बोलले. म्हटलं, “तुम्ही बसा सुकवत! तुम्हाला काय? जमीन सुकेल तेव्हा सुकेल, तोवर माणूस राहिला पाहिजे ना!”

काकांचं हसणं थांबलं. बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं, कारण ते ज्यांच्याबद्दल होतं ते समोर बसलेले.

मिस्त्री खाली बसला. माझ्याकडे बघितलं नाही. हाताने जमिनीवरची माती सारखी करत राहिला, आणि म्हणाला, “वयनी, आज फळी घातली तर लग्नातल्या नवरीवानी दिसंल. आषाढात फुगंल. भाऊंच्या डोळ्यांदेखत एकेक फळी वर येईल. ज्या झाडांना त्यांनी खांद्यावरनं पानी घातलं ती. ते बगायला ठेवायचं काय त्यांना?”



काका तेवढ्यात म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही तुमच्या हिशोबाने करा. मी कुठे जात नाही.” आणि मला म्हणाले, “चहा टाक.”

चहा पिताना मिस्त्री एकदम विचारतो, “ह्या भिंतीच्या मागं काय हाय?”

“मागे? मोरीचं पाणी जातं. अळू आहे माझा.”

कप ठेवून तो उठलाच. मी मागोमाग. आता माझा अळू तू पाहिला होतास, लहानपणी त्यात लपायचीस. भिंतीला लागून असा दाट, पानं सुपाएवढी. मोरीचं पाणी वाया का घालवायचं, म्हणून सगळ्या जुन्या घरांत अळू तिथेच लावतात, माझ्या सासूबाईंनीही तिथेच लावलेला आणि मी वाढवलेला. अर्ध्या आळीत माझ्या पानांच्या वड्या व्हायच्या. श्रावणात तर बायका फाटकाशी उभ्या. वरून उन्हाळ्यात वाळू नये म्हणून मी रोज दोन बादल्या जास्तीच्या घालायची.

मिस्त्री त्या हिरव्यागार अळूकडे बघत राहिला. मग भिंतीला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. “किती वर्सं?”

“लग्न होऊन आले तेव्हापासून.”

“रोज?”

“रोज. दोन बादल्या.”

त्याच्या मिशीखाली काय चाललं होतं ते मला दिसत होतं. इकडे मी पापड बदलत होते आणि तिकडे पन्नास वर्षं मीच त्या भिंतीला पाणी पाजत होते. पाया पिणार नाही तर काय करील? मला वाटायचं पाणी अळू पितो. अळूने प्यायचं तेवढं प्यायला, बाकीचं भिंतीखालून सरळ काकांच्या पलंगाखाली.

“अळू पायजे का साग?” मिस्त्रीने विचारलं.

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो येऊन आपलं काम करायचा, मी चहाचा कप ठेवून निघून जायची. काका ह्यात एक शब्द बोलले नाहीत. शहाणा माणूस! तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः कुदळ घेतली. मिस्त्री आला तर अर्धा अळू निघालेला. त्याने माझ्या हातातली कुदळ घेतली नाही, तुमी बसा वगैरे म्हणाला नाही. शेजारी उभा राहून कंद गोळा करून टोपलीत ठेवत राहिला, एकही न मोडता. मग आम्ही दोघांनी तो विहिरीच्या पलीकडे नारळांच्या ओळीत लावला. लावून झाल्यावर म्हणाला, “हितं जास्त येईल. भिंतीजवळ ऊन कुटं होतं त्याला.” हे त्याचं माफी मागणं समजायचं की समजूत घालणं, ते मला आजपर्यंत ठरवता आलं नाही.

सहस्रचंद्रदर्शन झालं. जमीन न होता झालं. मागली खोली खणलेली, तिच्या दाराला चादर लावलेली. नणंदबाईंनी येता क्षणी चादर सारली आणि मोठ्याने म्हणाल्या, “अगंबाई, दादाला सागावर बसवणार होतीस ना? इथे तर बटाटे लावायचे दिसतायत!” सगळे हसले. मी पण हसले, काय करते. मिस्त्रीलाही जेवायला बोलावलं होतं. तो सदरा-टोपी घालून आला, पंगतीला बसला, आणि नणंदबाईंना म्हणाला, “ताई, बटाटे नाय येनार. लय ओल हाय अजून.” नणंदबाईंना कळेना की हा चेष्टा करतोय की खरं सांगतोय. खरंच सांगत होता गं.

त्यानंतर त्याने सगळा हिवाळा घेतला. भिंतीच्या मागून चर खणला, खडी भरली, मोरीचं पाणी नळातून लांब नारळाकडे काढून दिलं. आतला वरचा ओला भराव उपसला, खडी ठोकली, त्यावर कोबा घातला. कोब्याला एक गवंडी आणला होता, उत्तरेकडचा. तो दुसऱ्या दिवशीच म्हणाला, “हो गया चाचा, अब लकड़ी डालो.” मिस्त्री त्याला म्हणाला, “अरे भाई, अभी पैदा हुआ है, अभी शादी करेगा क्या उसका?” सव्वा महिना कोब्याला कोणी हात लावला नाही. मग करवंटीने वीतवीतभर ठोकून बघितलं. एका ठिकाणी भाकरीएवढी जागा पोकळ वाजली. मी म्हटलं, पलंगाखाली येतेय, जाऊ दे. त्याने फोडून परत भरली. पारदर्शक नळीत पाणी भरून ती ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरायची आणि दोन्ही टोकांची पाण्याची रेघ बघायची, हे काम मला दिलं होतं. एक टोक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. “वयनी, हात हालवू नका, पोरगी बगायला आल्यावानी काय थरथरताय.”

फळ्या तोपर्यंत त्याच खोलीच्या शेजारी, मधे बारीक काठ्या घालून रचून ठेवलेल्या. त्यांना घराची हवा लागू दे, म्हणायचा. परगावचा माणूस आपल्याकडचं पाणी पिऊन आठ दिवस खोकतो, लाकडाचंही तसंच.

शेवटचे पापड फाल्गुनात भाजले. ह्या खेपेला पातेली मी उघडली नाहीत, त्यानेही उघडली नाहीत. काकांना म्हणाला, “भाऊ, तुमी उगडा.” काकांनी वाकून चारही उचलली, मग टेबलावरचं. पाचही पापड सारखे. मिस्त्रीने एकेक मोडून ऐकला. मग म्हणाला, “घालू.”

कोब्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर वाळवीचं औषध पाजलेल्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, आणि रिपांवर साग. चारी भिंतींकडे बोटभर फट ठेवली. मी म्हटलं, झुरळं जातील. म्हणाला, पावसात लाकडाचं पोट सुटतं, नाडी सैल ठेवायला पायजे. फटीवर पट्टी बसवून दिली. पाडव्याला काका पहिल्यांदा त्यावर चालले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, अनवाणी. मधे एका गाठीपाशी थांबले, अंगठ्याने ती चाचपली, आणि पुढे गेले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. मिस्त्रीने जाताना सांगितलं होतं, “आता मला इचारू नका. श्रावनात बगू.”

तो पावसाळा तुला आठवत असेल, आठ-आठ दिवस उघडीप नाही. काडेपेटी पेटेना, मिठाच्या बरणीत पाणी, कपाटातल्या साड्यांना वास. मी सकाळी उठले की आधी मागल्या खोलीत जाऊन जमिनीवर हात फिरवायची. काका म्हणायचे, “ती फुगायची ती फुगेल, तू चोळून बसणार आहेस का?” पण रात्रीतून जाग आली की तेही पाय खाली टाकून बघायचे, मला माहीत आहे.

आणि श्रावणात एक दिवस दुपारी मिस्त्री आला. सालवडहून दोन गाड्या बदलून, मुसळधार पावसात, न सांगता. छत्री असून चिंब. मी टॉवेल दिला, काकांचा कोरडा सदरा दिला. कसं आहे, काय आहे, काही नाही. सरळ मागल्या खोलीत गेला. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा चालला. मी दारात उभी. फटीची पट्टी एका ठिकाणी उचलून आत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं. पट्टी परत बसवली. मग खोलीच्या मधोमध खाली बसला, हाताची उशी केली, आणि आडवा झाला. मला वाटलं, कान लावून ऐकतोय. थोड्या वेळाने बघते तर घोरतोय!

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. काका बाहेरून आत यायला लागले. मी ओठांवर बोट ठेवून हळूच म्हटलं, “आवाज करू नका, मिस्त्री झोपलाय.”

तर काका म्हणाले, “अगं, आवाज करायचा म्हटला तरी होतोय कुठे?” आणि मला दाखवायला म्हणून, मुद्दाम टाच टेकवत, मिस्त्रीच्या उशाजवळून आपल्या पलंगापर्यंत चालत गेले. एक फळी कुरकुरली नाही. तो संध्याकाळपर्यंत झोपला.

बाय, ते सहा साग आजही तसेच सपाट आहेत. काका पंच्याऐंशीचे झालेत आणि रोज सकाळी त्यावर फेऱ्या मारतात. त्या दोन दिवसवाल्याला होकार कळवायच्या आधी इकडे ये. पालघरहून शिरगाव काही लांब नाही, रविवारी ये, सकाळीच ये. त्या दोन दिवसवाल्यालाही घेऊन ये. त्याला सांग, मावशीकडे जेवण आहे, ओरडा नाही. ओरडा फक्त तुझ्यासाठी राखून ठेवलाय.